सागच कशाला हवा?

गावचं घर दुरुस्तीला काढलेलं गिऱ्हाईक आमच्या सॉ मिलच्या फाटकातून आत येतं ते एकच वाक्य घेऊन : "ताई, साग पाहिजे." मी विचारते, "कशाला?" इथे माणूस अडखळतो. घराला, अजून कशाला! साग म्हणजे लाकूड आणि बाकी सगळं जळण, ही समजूत मुंबईहून येताना गाडीत बरोबरच बसून आलेली असते. ती उतरवायला मला दोन कप चहा लागतो. काहींची उतरत नाही. मग मी साग देते. शेवटी धंदा आहे.

देवरुखच्या बाजूला आमची ही मिल. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, टाकली. आता धाकटा भाऊ बँड सॉवर उभा असतो आणि मी गिऱ्हाईक, हिशेब आणि वनखात्याचे कागद बघते. वखारीत बाई बसलेली दिसली की नवखा माणूस आधी "घरात कोणी मोठं आहे का?" असं विचारतो. मी वाशांची मापं विचारायला लागले की तोच खुर्ची ओढून बसतो.

गेल्या हंगामात डोंबिवलीचं एक जोडपं आलं. तीन खणांचं वडिलोपार्जित घर, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. आढं मध्ये दबलेलं, पडवीचे वासे टोकांना कुजलेले. त्यांच्या हातात यादी होती : सगळं लाकूड साग, सगळं चार बाय चार. माझ्या भावाने ती यादी वाचली, मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढा साग आम्हाला वर्षभर पुरला असता.

मी त्यांच्याच यादीच्या पाठीवर घराचा आडवा छेद काढला आणि एकेका लाकडाचं काम विचारायला बसले. लाकूड निवडायचं म्हणजे खरं तर एवढंच करायचं असतं. कुठलं लाकूड चांगलं, असं नुसतं विचारून उत्तर मिळत नाही. ते घरात कुठे बसणार, त्याच्यावर वजन किती, त्याला पाणी कुठून लागणार, वाळवी कुठून चढणार, हे ठरलं की झाडाचं नाव आपोआप पुढे येतं.

सर्वांत वर आढं. त्याच्यापासून दोन्ही बाजूंना उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा, रिपांवर कौलं. आढ्याला आणि माळ्याला पेलणाऱ्या तुळया, तुळयांना पेलणारे खांब, आणि खांबाखाली दगडी तळखडा. मंगळुरी कौलांच्या छपराचं वजन रिपा धरून चौरस मीटरला सुमारे 64 किलो धरतात. म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांच्या तुकड्यावर साधारण सहाशे किलो. त्यात पावसाळ्यात कौलं पाणी पितात आणि मे महिन्यात शाकारणीला दोन माणसं वर चढतात. हे सगळं वासा उभा जन्म सोसतो. त्याला गुळगुळीत असण्याची गरज नाही, सुंदर दिसण्याची नाही, पॉलिश घेण्याची तर मुळीच नाही. त्याने वाकू नये, एवढीच अपेक्षा.

आणि वाकण्याच्या बाबतीत साग पहिल्या नंबरात नाही, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. लाकडी बांधकामाचं भारतीय मानक आहे, आयएस 883. त्यात ताठपणाच्या आकड्यावरून इमारती लाकडाचे अ, ब, क असे तीन गट पाडले आहेत. अ गटात उत्तरेकडचा साल बसतो. साग ब गटात आहे. मग सागाची एवढी ख्याती कशामुळे? तो हलत नाही म्हणून. ओला असताना आणि वाळल्यावर त्याच्या मापात फार कमी फरक पडतो, अंगच्या तेलामुळे त्याला वाळवी आणि बुरशी सहसा धरत नाही, आणि रंध्याखाली तो लोण्यासारखा चालतो. जहाजाला हेच गुण लागतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ गलबत 1817 साली पाण्यात उतरलं, ते अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. घरात हेच गुण लागतात ते दारांना आणि खिडक्यांना, कारण पावसाळ्यात फुगून अडकणारं दार रोज शिव्या खातं. तिथे साग जरूर लावा. वाशाला कशाला?

आमच्याकडे छपराला पूर्वापार ऐन आणि किंजळ. ऐन जंगलात ओळखायला सोपा. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. आतलं लाकूड गडद तपकिरी, काळसर रेघांचं, वजनाला जबरदस्त. बारा फूट लांब, तीन इंच बाय चार इंच असा तुकडा घेतला तर तो बरोबर एक घनफूट भरतो. वाळलेल्या सागाचा असा तुकडा अठरा-एकोणीस किलोचा असतो आणि ऐनाचा पंचवीसच्या आसपास. फरक खांद्यावर घेतला की कळतो. ऐनाचा दोष म्हणजे तो वाळताना तडकतो. उन्हात टाकला तर महिन्याभरात टोकाकडून भेगा आत सरकतात. खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो किंवा लाकूड फाटतं, म्हणून आधी भोक पाडून घ्यावं लागतं. करवतीची धार तर तो इतक्या लवकर खातो की ऐनाचा लॉट आला की भाऊ दोन पाती जादा लावून ठेवतो. सुताराला तो आवडत नाही. पण आढ्यावर बसला की तीन पिढ्या कुणाला त्याची आठवण येत नाही.

किंजळ ऐनाचाच भाऊबंद, थोडा हलका आणि जरा समजूतदार. पाण्यात टिकतो अशी त्याची कीर्ती, म्हणून होड्यांनाही वापरतात. पडवीच्या वाशांची टोकं पागोळ्यांत भिजतात, तिथे मी किंजळ सुचवते. जुन्या घरातला किंजळ काळा पडलेला असतो. माणसं त्याला कुजलेला समजून काढायला निघतात. सुरीचं टोक दाबून बघा, आत जातं का ते. जात नसेल तर हात लावू नका.

फणस खांबांना आणि चौकटींना चांगला. नवीन कापला की हळदीसारखा पिवळा, पुढे तांबूस होत जातो. ताठपणात ऐनाच्या जवळपासही नाही, म्हणून लांब गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या मोठ्या अंतराला, देऊ नये. आंबा मात्र छपराला देऊच नये. त्याला भुंगा लागतो. वाशाखाली सकाळी पिठासारखा भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत पाहुणे आहेत. आंब्याची जागा स्लॅबच्या सेंटरिंगच्या फळ्यांत आणि खोक्यांत.

माडाचं गणित सगळ्यांच्या उलटं. इतर झाडांत आतला गाभा टणक आणि बाहेरचं पांढरं लाकूड कच्चं. माडात बाहेरची कड कठीण आणि मध्ये भुसभुशीत. त्यातही बुंध्याकडचं लाकूड घट्ट, शेंड्याकडचं पोकळ. म्हाताऱ्या माडाच्या बुंध्याची बाहेरची कड चिरून काढलेले वासे गोठ्याला, लाकडांच्या खोपीला मस्त चालतात. माड अख्खा चौकोनी कापून मागणारी माणसं येतात, त्यांना मधला भाग विकत घेऊन काय करणार असं विचारावं लागतं.

टिकाऊपणाबद्दल लोकांची मतं ठाम असतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी मी डेहराडूनच्या कबरस्तानाची गोष्ट सांगते. तिथली वन संशोधन संस्था 1906 सालची. तिने वर्षानुवर्षं एक साधा प्रयोग चालवला : निरनिराळ्या झाडांच्या गाभ्याचे दोन फूट लांब आणि दोन इंच जाड दांडे जमिनीत अर्धे पुरायचे आणि वाळवी-बुरशीच्या हवाली करून बघत राहायचं. या पद्धतीला नावच 'ग्रेव्हयार्ड टेस्ट' असं आहे. सरासरी दहा वर्षं आणि वर टिकलं तर टिकाऊ, पाच ते दहा वर्षं मध्यम, त्याच्या आत गेलं तर कच्चं. सागाचा गाभा पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर शेवटच्या. पण हे आकडे उघड्या मातीत पुरलेल्या लाकडाचे आहेत, हे विसरू नये. कौलाखाली, वाऱ्यावर, कोरडं बसलेलं लाकूड याच्या कित्येक पट जगतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला धरताच येत नाही. म्हणजे टिकाऊपणा अर्धा झाडात असतो आणि अर्धा घराच्या रचनेत. तळखड्यावर उभा केलेला साधा फणसाचा खांब जमिनीत गाडलेल्या सागाच्या खांबाला मागे टाकू शकतो.

इथपर्यंत आलं की गिऱ्हाईक सुटकेचा श्वास टाकतं : ऐन ठरला, किंजळ ठरला, आता माप लावा. मी म्हणते थांबा. जात ठरली, आता तुकडा निवडायचा. हे काम मोठं. उत्तम जातीचा वाईट तुकडा मध्यम जातीच्या चांगल्या तुकड्यापेक्षा वाईट असतो, आणि मिलवर दोन्ही एकाच थप्पीत असतात.

आधी टोक बघायचं. टोकावर वाढीची वर्तुळं दिसतात, आणि गडद गाभा कुठे संपतो, पांढरं कुठे सुरू होतं तेही. पांढऱ्या लाकडातून झाड जिवंतपणी अन्नपाणी वाहतं. त्यात पिठूळ अंश राहतो आणि किड्याला तोच हवा असतो. सागाचं पांढरं लाकूडही किडा तितक्याच आवडीने खातो. सागाचं कौतुक फक्त गाभ्याला लागू आहे. बागेत वाढवलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या सागात पांढरं भरपूर, त्यामुळे 'साग आहे' हे खरं असूनही पैसे वाया जातात. मग बघायचं की वर्तुळांचा केंद्रबिंदू तुकड्याच्या आत तर नाही ना. झाडाची मधली नळी तुकड्यात आली की तो तुकडा वाळताना हमखास फाटतो. जाड खांबात ती टाळता येत नाही, वाशात टाळलीच पाहिजे.

मग गाठी. गाठ म्हणजे फांदीचं मूळ. तिच्याभोवती तंतू वळसा घालून जातात. घट्ट, बोटाच्या पेराएवढी गाठ तुकड्याच्या मध्यावर असेल तर मी मनावर घेत नाही. तीच गाठ वाशाच्या खालच्या कडेला, गाळ्याच्या मधोमध आली तर तो तुकडा बाजूला. वजन आलं की वाशाची खालची कड ताणली जाते आणि ताणात गाठ उघडते. कधीकधी तुकडा उलटा केला की गाठ वरच्या कडेला जाते, तिथे दाब येतो, आणि काम भागतं. आमचे मेस्त्री प्रत्येक वासा हातात घेऊन एक डोळा मिटून नजर लावतात, फिरवतात, पुन्हा नजर लावतात आणि ज्या बाजूला बारीकशी कमान असेल तिथे गेरूने खूण करतात. ती बाजू वर. वजन आलं की वासा सरळ होतो. खाली ठेवली तर आधीचंच पोट आणखी सुटतं.

तंतूंचा तिरकसपणा मात्र नजरेला फसवतो. वरच्या रेघा सरळ दिसतात आणि आतले तंतू तिरके पळत असतात. मेस्त्री यासाठी मोठ्या दाभणाचं टोक लाकडात किंचित रोवून हळूच ओढतात. दाभण आपण नेऊ तिथे जात नाही, तंतूबरोबर सरकतं. वीस इंच ओढल्यावर ते कडेकडे एक इंच सरकलं, तर मानकाप्रमाणे तो तुकडा पहिल्या प्रतीचा. बारा इंचात एक इंच सरकलं तर शेवटची प्रत. त्याहून जास्त सरकलं तर रिपा काढाव्यात किंवा फाटकाला वापरावं. वाळताना पडलेल्या बारीक भेगाही तंतूच्याच दिशेने जातात. दाभण नसेल तर त्या वाचाव्यात. जुन्या घरांत वाकसाने तासलेले गोल वासे अजून ताठ दिसतात, त्याचं एक कारण हेच. गोल वाशात तंतू कापलेच जात नाहीत, झाडात होते तसेच टोकापासून टोकापर्यंत राहतात. मशीनवर चौकोन काढला की कुठेतरी ते तुटतात. ज्याला वाशांचा देखावा करायचा नाही त्याने बारीक गोल लाकूड सोलून वापरावं, मला त्यात कमीपणा वाटत नाही. कटिंगचे पैसे बुडतात तेवढेच.

आता डोंबिवलीकरांचं चार बाय चार. तीन इंच बाय तीन इंचाचा वासा आणि दोन इंच बाय साडेचार इंचाचा वासा घ्या. दोघांचा छेद नऊ चौरस इंच, म्हणजे घनफूट तेवढेच, पैसेही तेवढेच. पण साडेचार इंचाची बाजू उभी ठेवली तर दुसरा वासा पहिल्याच्या दीडपट वजन पेलतो आणि वाकतो मात्र निम्म्याहूनही कमी. कारण बळ उंचीच्या वर्गाने वाढतं आणि ताठपणा घनाने. रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट. उंची दुप्पट केली तर बळ चौपट आणि ताठपणा आठपट. हा हिशेब समजला की चौकोनी लाकूड मागणं बंद होतं. अर्थात उंच आणि बारीक वासा आडवा कलंडू शकतो, म्हणून रिपा नीट ठोकाव्या लागतात. खांब मात्र चौकोनी किंवा गोलच बरा, त्याला चारी बाजूंनी सारखं वाकायचं भय.

ओंडक्यातून तुळई काढतानाही हेच. ओंडक्याच्या टोकावर मधोमध एक व्यास आखायचा, त्याचे तीन सारखे भाग करायचे. मधल्या दोन खुणांपैकी एकीवरून वर आणि दुसरीवरून खाली काटकोनात रेघ काढून परिघाला टेकवायची. व्यासाची दोन टोकं आणि हे दोन बिंदू जोडले की जो आयत मिळतो, ती त्या ओंडक्यातून निघणारी सर्वांत मजबूत तुळई. रुंदी पाच तर उंची सात असं प्रमाण पडतं. दोरी आणि गुण्या एवढ्यावर हे जमतं. माझा भाऊ खडूने आखतो तेव्हा बघायला आलेले इंजिनिअर मोबाइलवर फोटो काढतात.

गाळा किती, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो आणि तोच आधी विचारायला हवा. भार सारखा पसरलेला असेल तर गाळा दुप्पट केल्यावर वाकणं सोळापट होतं. कौलांसारखा ठिसूळ माल वर असेल तर तुळईने गाळ्याच्या 360 व्या भागाहून जास्त वाकू नये, असा दंडक आहे. दहा फुटांच्या गाळ्याला हे जेमतेम एक तृतीयांश इंच होतं. डोंबिवलीकरांना बैठकीची खोली मोठी हवी म्हणून मधला खांब काढायचा होता. त्या एका खांबाची किंमत लाकडाच्या भाषेत सांगितल्यावर तो खांब राहिला. त्याला टेकून वहिनींनी आता पुस्तकांची मांडणी केली आहे म्हणे.

ओलेपणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जास्तीत जास्त भांडणं यावरूनच होतात. ताज्या कापलेल्या झाडात पाणी इतकं असतं की वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याने आणि कधी त्याहूनही जास्त भरावं. वाळायला लागलं की आधी पोकळ्यांतलं मोकळं पाणी जातं. तोवर माप बदलत नाही. साधारण तीस टक्क्यांखाली आलं की तंतूंच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि इथून लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, पण वर्तुळांच्या दिशेने आकसतं ते केंद्राकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट. वाकणं, पिळणं, फाटणं हे सगळं या विषमतेतून होतं. ओला वासा चढवला तर तो भाराखाली वाळतो आणि वाळता वाळता कायमचं पोट काढतो. नवीन छपराची कौलं दुसऱ्या वर्षी लाटा मारताना दिसतात ती यामुळे.

तपासायची सोय घरात आहे. वाशाच्या टोकापासून हातभर आत एक पातळ चकती कापून घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. 130 ग्रॅमची चकती 100 वर आली तर ओल तीस टक्के. असं लाकूड माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका. वाळवायचं तर सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, पट्ट्या एकावर एक एका रेषेत. टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण फासलं की टोकं सावकाश वाळतात आणि भेगा कमी पडतात. ऐनाला तर हे केलंच पाहिजे.

औषधांचं थोडक्यात. ओल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवलं की ते आत झिरपतं, भुंगा आणि वाळवी दूर राहतात. मात्र पावसात ते धुऊन जातं, म्हणून छपराच्या आतल्या लाकडालाच. गंमत अशी की आंब्यासारखं कच्चं लाकूड औषध घटाघटा पितं आणि सागाचा गाभा थेंब आत घेत नाही. तांबं, क्रोम आणि आर्सेनिक यांचं जगभर गाजलेलं मिश्रण याच डेहराडूनच्या संस्थेत 1930 च्या दशकात सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधलं. विजेच्या खांबांपासून रेल्वेच्या स्लीपरपर्यंत ते वापरलं गेलं. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी ते बंद झालं. हिरवट झाक असलेलं आयात पाइन कुणी दिलं तर त्याचे तुकडे चुलीत घालू नका, राखेत विष राहतं. भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकांना आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावायची रीत आहे. ते हाताला लागलं तर कातडी सोलते, पण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. त्याबरोबर टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा. चिऱ्यात आणि मातीत घट्ट चिणलेलं टोक आधी कुजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता पाइपवाले. 'निसर्ग' वादळ 3 जून 2020 रोजी आलं, त्यानंतर किनाऱ्याकडे लोखंडी पाइप आणि रंगीत पत्र्यांची छपरं झपाट्याने वाढली. मला त्याचा राग नाही. तयार लाकूड मिळत नाही, मेस्त्री मिळत नाहीत, घर पावसाआधी झाकायचं असतं. पण वादळात छप्पर खाली दाबलं जात नाही, वर उचललं जातं. कौलांना निदान स्वतःचं वजन असतं, पत्र्याला तेही नाही. छप्पर लोखंडाचं असो की ऐनाचं, वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला पट्टी-बोल्टने बांधलेलं हवं. जुन्या घरांत वासे नुसते टेकवून एका खिळ्यावर ठेवलेले असतात. दुरुस्ती काढलीच आहे तर एवढं कराच. आणि खाऱ्या वाऱ्यात पाइप आतून गंजतो, हेही पाइपवाल्याला विचारा.

कागदांशिवाय हा धंदा होत नाही आणि गिऱ्हाईक कागदांबद्दल कधी विचारत नाही. "आमच्याच परसातलं झाड आहे, आमचंच घर आहे" म्हणत माणसं ओंडका टेम्पोत घालून आणतात. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियमन करणारा कायदा 1964 चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, बिबळा, हेद, खैर, जांभूळ, अंजन, इतकंच काय आंबा आणि फणसही आहेत. झाड तुमचं असलं तरी तोडायला परवानगी लागते आणि न्यायला वाहतूक पास. पास नसेल तर मी ओंडका मशीनवर चढवत नाही, मग पाहुणा कितीही जवळचा असो. ही कटकट इंग्रजांनी आणली असं म्हणणाऱ्यांना मी मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ची आठवण करून देते. आरमारासाठीसुद्धा साग तोडायचा तर हुजूरची परवानगी घ्यावी, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं, आणि रयतेने पोरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडं तोडूच नयेत. एखादं जीर्ण झालेलं घ्यायचं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असं तिथे बजावलेलं आहे. परवाना आणि आयात दोन्ही तेव्हाचीच.

आयात मालाची नावं मात्र जपून ऐकावीत. म्यानमारने 2014 च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतरही 'बर्मा साग' नावाने जे मुबलक मिळतं ते पुष्कळदा जुन्या साठ्यातलं किंवा दुसऱ्याच देशातलं असतं. घाना, इक्वेडोर, पनामा इथला साग जातीने सागच आहे, पण लागवडीचा आणि कोवळा. टोक बघूनच घ्यायचा. 'आफ्रिकन साग' आणि 'मलेशियन साल' या नावांखाली वेगवेगळी झाडं विकली जातात. ती सगळी वाईट नसतात, पण नावावर भरवसा ठेवून मापं ठरवता येत नाहीत. त्यापेक्षा पाडलेल्या चाळींचा, वाड्यांचा जुना साग मला आवडतो. तो वाळायचा तेवढा कधीच वाळलेला असतो. पुण्यात भवानी पेठेत, मुंबईत दारूखान्याकडे चौकशी केली तर मिळतो. खिळे काढून, जुनी भोकं आणि खाचा कुठे येतात ते बघून घ्यावा. मिलवर आणलात तर मेटल डिटेक्टर फिरवून आणा, आमचं पातं तुटलं तर त्याचे पैसे वेगळे.

डोंबिवलीकरांची यादी शेवटी अशी झाली : आढं आणि तुळया ऐन, पडवीचे वासे किंजळ, आतल्या वाशांपैकी जे शाबूत होते ते तसेच, रिपा जुन्या सागाच्या, पुढचं दार आणि दोन खिडक्या बल्लारशाच्या सागाच्या. साग यादीत राहिला, सगळीकडे पसरला नाही एवढंच.

तुमचंही घर काढायचं असेल तर हिशेब दिवाळीपासून लावा. पाऊस संपला की मेस्त्रीला छपरावर चढवून कुठला वासा राहतो, कुठला जातो ते ठरवून घ्या. तोडीच्या परवानगीचा अर्ज तेव्हाच. डिसेंबरात कापलेलं लाकूड सावलीत थप्पीला लागलं तर बारीक वासे शिमग्यानंतर चढवण्याजोगे होतात. जाड तुळया तेवढ्यात पुऱ्या वाळत नाहीत, त्या आधीच्या वर्षीच्या थप्पीतून मागा, जरा महाग पडतील. कौलं मेच्या मध्यापर्यंत बसायला हवीत, कारण वळिवाला तारीख नसते. आणि मे महिन्यात "ताई, आठवड्यात लाकूड द्या" असा फोन केलात तर मी देईन, पण ते ओलं असेल आणि बिलावर मी तसं लिहूनही देईन.